बालपणावरची कादंबरी म्हणजे आत्मचरित्र नव्हे

महोदय,

बालपण आणि उपरेपणावर बेतलेल्या कादंबऱ्यांत कल्पनेचे काम थोडेच असते, हे रविवारच्या पुरवणीतील लेखाचे मत पटले नाही. आपल्याच जिल्ह्यातले अण्णा भाऊ साठे पाहा. १९२० साली वाटेगावात गावकुसाबाहेर जन्मलेल्या या लेखकाची ‘फकिरा’ १९५९ साली आली. लहानपणी घरादारात ऐकलेला बंडखोर तिचा नायक आहे, लेखक नव्हे. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने कपाळी आलेली सरकारी हजेरी, पोटासाठी केलेली लूट, वारणेचे खोरे, हे सारे ओळखीचे. त्यातून वीरकथा रचणे ही मात्र कल्पनेचीच करामत, तीही शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या माणसाची! लेखात पुण्यामुंबईचीच उदाहरणे आहेत. पुढच्या भागात वारणाकाठालाही जागा मिळावी.

– एक वाचक, मिरज (जि. सांगली)