कुहिलीच्या डब्यात नेमकं काय आहे? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार. औषधांच्या तपासणीचं खातं तुमच्याकडे आहे, म्हणून लिहिते आहे.

मार्चमध्ये मी कुहिलीच्या, म्हणजे खाजकुहिलीच्या बियांच्या, चूर्णाचा नमुना तपासणीसाठी सरकारी कार्यालयात दिला. “पंधरा दिवसांत अहवाल येईल बाई,” असं सांगितलं गेलं. आठ महिने झाले. परवा फोन केला, तर नमुनाच सापडत नाही.

मला अकरा वर्षांपासून कंपवात (पार्किन्सन) आहे. मी शाळेत शिकवत होते. आता सही करताना अक्षर मुंगीएवढं होतं. गोळीचा असर उतरला की पाय जमिनीला खिळतात. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर मी दहा-दहा मिनिटं उभी राहते, आतही जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही. ब्लाऊजचे हुक सून लावून देते. लाज वाटायची, तीही आता संपली.

कुहिली मी आंधळेपणानं घेतली नाही, डॉक्टरांना विचारून घेतली. तिच्या बियांत लेव्होडोपा हे कंपवातावरचं औषध असतं, माझ्या गोळीत असतं तेच. इतवारीतून आणलेल्या पहिल्या डब्यानं सकाळी दोन तास सुखाचे मिळाले. दुसरा डबा त्याच छापाचा, चमचाही तोच. चौथ्या रात्री मान आणि हात आपोआप पिळवटत राहिले, पहाटेपर्यंत. लेव्होडोपा जास्त झाला की असं होतं. नवरा मला धरून बसला होता.

गोळीच्या पाकिटावर 100 मिलिग्रॅम छापलेलं असतं. डब्यावर काय, तर ‘शुद्ध, नैसर्गिक’! 2022 मध्ये अमेरिकेत कुहिलीची 16 उत्पादनं तपासली, तेव्हा एका मात्रेत 2 पासून 241 मिलिग्रॅमपर्यंत लेव्होडोपा निघाला. मग आम्ही अंदाजानं जगायचं का? हे एचपीएलसी यंत्रावर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजता येतं, आणि नागपुरात फार्मसी कॉलेजं काय कमी आहेत?

एका वेळी बनवलेल्या चूर्णाच्या प्रत्येक घाण्यातला लेव्होडोपा मोजा आणि डब्यावर छापा. माझं मागणं एवढंच.

पण तुमच्या सगळ्यांची घाई भलतीकडेच असते. आयुर्वेदाच्या जाहिरातींवर लगाम घालणारा नियम 170 सन 2018 मध्ये आला, आणि 1 जुलै 2024 ला केंद्रानं तो काढून टाकला. विकणाऱ्याची अडचण दिल्लीपर्यंत पोचते. माझा नमुना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोचला नाही.

दुसरा डबा अर्धा शिल्लक आहे, मी जपून ठेवला आहे. डिसेंबरात अधिवेशनाला नागपुरात याल, तेव्हा तो घेऊन येते. सकाळी दहा ते बारा माझे पाय चालतात. त्या वेळेत बोलवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नागपूर