शेपटीची दिशा चुकली

महोदय,

पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीतल्या आयनांवरचा, म्हणजे इलेक्ट्रॉन गळालेल्या भारित अणूंवरचा, आपला लेख आवडला. पण सोबतच्या चित्रात शेपटी चक्क सूर्याकडे काढली आहे! एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाचे हात शिवशिवणारच. मी लाल पेनाने तिथल्या तिथे ती दुरुस्त केली. सौरवाऱ्यापुढे, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या भारित कणांपुढे, आपलं चुंबकीय क्षेत्र सूर्याच्या बाजूला सुमारे 65 हजार किलोमीटरवर दबून राहतं आणि पाठीमागे चंद्राच्याही पलीकडे लांबतं; तीच ही शेपटी. म्हणून तर चंद्र दर महिन्याला पौर्णिमेच्या आगेमागेच पाचेक दिवस त्या शेपटीत असतो.

'शेपटीतले आयन सूर्याकडून येतात' हे वाक्यही अर्धंच खरं. सौरवाऱ्यातल्या ऑक्सिजनचे बहुधा सहा-सात इलेक्ट्रॉन गळालेले असतात. एकच गळालेला ऑक्सिजन शेपटीत सापडला, तर तो आपल्याच वातावरणातून निसटलेला समजावा. जपानच्या 'कागुया' यानाला चंद्राजवळ असे आयन भेटले, तेही चंद्र शेपटीच्या मधल्या प्लाझ्मात, म्हणजे भारित कणांच्या दाट थरात, असतानाच. हा निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाला.

खरी गंमत मात्र लेखात एका ओळीत उरकली आहे. आयन चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेतो, हे आम्ही फळ्यावर काढायचो. शेपटीच्या वरच्या अर्ध्या भागात रेषा पृथ्वीकडे येतात, खालच्या अर्ध्यात दूर जातात. मध्ये क्षेत्र अगदी क्षीण. तिथे आयनाची गिरकी पुरी होत नाही. मध्यरेषा ओलांडली की तो उलटा वळतो, पुन्हा ओलांडतो, पुन्हा वळतो आणि नागमोडी सरकताना विद्युतक्षेत्रातून ऊर्जा कमावतो. भौतिकशास्त्रज्ञ स्पायझर यांनी 1965 साली हे गणिताने मांडलं. ऑक्सिजन प्रोटॉनच्या, म्हणजे हायड्रोजनच्या आयनाच्या, सोळापट जड, त्यामुळे तेवढ्याच वेगाला त्याची गिरकीही सोळापट मोठी. तो प्रोटॉनच्या आधीच बेताल होतो.

हे मोजणं सोपं नाही. शेपटी झेंड्यासारखी फडफडते. एकच यान असेल तर आयनांचा लोंढा आला, की शेपटीच वरखाली झाली, हे कळायला मार्ग नाही. म्हणून 2015 मध्ये नासाच्या 'एमएमएस' मोहिमेची चार याने एकत्र सोडली. आपण लेखात 'यान' असं एकवचन वापरलंय, तेही बदला.

दुरुस्ती छापाल तेव्हा चित्रात सूर्य डावीकडे ठेवा आणि शेपटी उजवीकडे पार कडेपर्यंत जाऊ द्या.

— एक निवृत्त शिक्षिका