ड्वार्फ आयरिसच्या नावाखाली भलतेच कंद पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी आणि व्यवस्थापन

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी जे बोलणं झालं ते शेवटचं. यापुढे जे काही ते लेखी.

ऑर्डर होती आयरिस रेटिक्युलाटाची, म्हणजे कंदापासून येणाऱ्या बुटक्या (ड्वार्फ) आयरिसची, जात ‘हार्मनी’, 12 कंद, 1,199 रुपये. ‘शीतगृहात 12 आठवडे ठेवलेले, थेट कुंडीत लावा’ हे शब्द तुमच्याच वेबसाइटवरचे. ही फुलं तुर्कस्तान, कॉकेशस, इराणकडच्या डोंगरांतली, तिथे बर्फ वितळता वितळता उमलतात, हे तुम्हाला मी काय सांगणार? धंदा तुमचा आहे. निफाडचा पारा एखाद्या पहाटे घसरला म्हणून नाशिकला त्यांना फुलायला लागणारी सलग अडीच-तीन महिन्यांची थंडी मिळत नाही, एवढं मलाही कळतं. म्हणून तर थंडी देऊन तयार केलेले कंद घेतले. खरं तर त्या थंडीचेच पैसे मोजले.

खोकं उघडलं तेव्हाच शंका आली होती. रेटिक्युलाटाच्या कंदावर धाग्यांची जाळी असते, सुतळीची पिशवी घातल्यासारखी. तुमच्या कंदांना काळपट, गुळगुळीत, पातळ साल आणि वर लांबुडकी मान. त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘ट्रान्सपोर्टमध्ये जाळी निघून जाते मॅम’, आणि पुढे एक हसरा चेहरा. बाराच्या बारा कंदांची? आणि खोक्यात एक धागा नाही?

तरीही लावले. मातीची कुंडी, निम्मी जाडी वाळू, पाणी बेतानं. थंडी मिळालेला रेटिक्युलाटा तीन-चार आठवड्यांत फुलायला हवा. फूल पानांच्या बरोबरीनं येतं, वीतभरही उंच नसतं आणि पानं नंतर लांबतात. इथे मार्च उजाडला, कूलर बाहेर काढला, तरी कुंडीत नुसती पानं. तीसुद्धा चपटी, गवतासारखी. या आयरिसचं पान चार कडांचं असतं, चिमटीत धरून फिरवलं की कोपरे बोटाला लागतात. तुमचं पान चिमटीत धरलं की सपाट.

आता आजचा फोन. तो तुम्ही रेकॉर्ड करताच, कृपा करून ऐकाही.

पहिल्या मुलानं विचारलं, पाणी किती घालता? सांगितलं. खत? सांगितलं. मग म्हणाला, “पानं आलीयेत ना मॅम? म्हणजे प्रॉडक्ट वर्किंग आहे.” मी म्हटलं, बाबा, पानांसाठी कुणी बाराशे रुपये देत नाही, गवत आमच्या कंपाउंडबाहेर फुकट उगवतं. त्यावर मला सल्ला मिळाला: “थोडं पॉझिटिव्ह राहा मॅम, झाडांना कळतं.” शीतगृहातल्या तापमानाची नोंद मागितली. आमच्याकडे निर्यातीच्या द्राक्षांबरोबरही ती असते. तर म्हणे, “आमचं गोदाम फुल एसी आहे.”

मग बराच वेळ सनई ऐकवून फोन तुमच्या ‘प्लांट एक्स्पर्ट’कडे गेला. गृहस्थ बोलायला गोड. “ताई, काही काळजी करू नका. पहिला दणकून पाऊस पडू द्या, दोन-चार दिवसांत कुंडी गुलाबी फुलांनी भरून जाईल.”

गुलाबी. आणि पावसात.

‘हार्मनी’ गडद निळी असते, पाकळीवर पिवळा पट्टा. तुमच्या वेबसाइटवरचा फोटोही निळाच आहे. आणि ऐन पावसाळ्यात हा कंद जमिनीखाली झोपलेला असतो, त्याला तेव्हा कोरडं लागतं, ओल्यात तो कुजतो. मी विचारलं, “म्हणजे ही रेन लिली आहे का, पाऊस पडला की फुलणारी?” पलीकडे शांतता. मग हळूच, “ताई, शेवटी दोन्ही कंदच असतात ना.”

हे वाक्य लासलगावच्या बाजार समितीत उभं राहून एकदा म्हणून दाखवा. कांदाही कंदच असतो.

रेन लिली इथल्या कुठल्याही रोपवाटिकेत मूठभर पैशांत मिळते, शेजारीण तर फुकट देते. तिला थंडी लागत नाही, शीतगृह लागत नाही, बारा आठवडे लागत नाहीत. म्हणजे हवामानाचं निमित्त संपलं, पाण्याचं संपलं, माझ्या पॉझिटिव्ह नसण्याचंही संपलं. काय पाठवलं आहे हे तुमच्या माणसाला न बघता माहीत होतं. फोन ठेवून पाच मिनिटं होत नाहीत तोच एसएमएस आला: ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. कृपया रेटिंग द्या.’ दिलं आहे. वाचून घ्या.

वाईट याचं वाटतं की निशिगंध आणि ग्लॅडिओलसचे कंद मी वर्षानुवर्षं तुमच्याकडूनच घेत आले, सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव मीच सुचवलं होतं. आता त्याच ग्रुपवर तुमच्या कंदांचे फोटो टाकले आहेत, जाळीविना.

पूर्ण 1,199 रुपये परत हवेत. कूपन नको, ‘पुढच्या खरेदीवर सवलत’ तर मुळीच नको. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार या पत्राची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. नाही केलंत तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर आणि मग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहते तिथेच दावा लावता येतो, आणि एवढ्या रकमेला शुल्कही पडत नाही. मला वेळ भरपूर आहे. पाऊस यायला अजून तीन महिने आहेत.

आणि हो, त्या एक्स्पर्टला कामावरून काढू नका. तुमच्या कंपनीत माझ्याशी खरं बोललेला तो एकटाच आहे.

ग्राहक,
नाशिक

सोबत: बिल, कंदांचे व पानांचे फोटो, व्हॉट्सॲप संभाषण (हसऱ्या चेहऱ्यासह)