विषय: क्लेम नाकारला, कारण कॅन्सर निघाला नाही

क्लेम विभाग प्रमुख,

आत्ताच तुमच्या माणसाचा फोन ठेवलाय, त्यामुळे नमस्कार वगैरे राहू दे. पॉलिसी तुमची, अटी तुमच्या, त्या मी तुम्हाला वाचून दाखवत नाही.

ओव्हरीपाशी निघालेल्या गाठीच्या ऑपरेशनचा क्लेम तुम्ही नाकारलात, त्यावर तो काय म्हणाला ते मात्र ऐका. "मॅडम, बायोप्सीत कॅन्सर नाहीये, मग ऑपरेशनची गरज नव्हती ना?" म्हटलं अहो, ती बायोप्सी ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचीच आहे. तर म्हणे, "मग आधी करून घ्यायची." ओव्हरीचा कॅन्सर असला आणि गाठीत सुई घातली तर तो पोटात पसरायची भीती असते म्हणून डॉक्टर टाळतात, हे मी त्याला शिकवतेय! वर म्हणतो, "पण इन्फेक्शनच निघालं ना, चांगलंच झालं की." हो का, म्हणजे कॅन्सर निघाला असता तर पास केला असता का क्लेम?

सीटीत ओव्हरीपाशी आतड्याला चिकटलेली घट्ट गाठ, सीए-१२५, म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरच्या संशयात रक्तात बघतात ते, वाढलेलं (ते इन्फेक्शननेही वाढतं), वजन उतरलेलं. कुठलाही डॉक्टर आधी कॅन्सरच धरणार. निघालेलं इन्फेक्शन म्हणजे अ‍ॅक्टिनोमायकोसिस, जंतूंमुळे होणारा आजार. तो असाच फसवतो, एका अवयवातून शेजारच्यात घुसत जातो, आणि बहुतेक वेळा कळतं ते गाठ पॅथॉलॉजीत गेल्यावरच.

आणि लेटरमध्ये कारण वेगळंच! कॉपर-टी बरीच वर्षं होती म्हणून प्री-एक्झिस्टिंग आजार, म्हणजे पॉलिसीच्या आधीपासूनचा. कॉपर-टी आजार कधीपासून झाली? लाखो बायका वापरतात, त्यात हे इन्फेक्शन क्वचित एखादीला होतं. तो जंतू तर धडधाकट माणसाच्या तोंडात, आतड्यातही असतो, त्या हिशोबाने तुमचं अख्खं मॅनेजमेंट प्री-एक्झिस्टिंग आहे.

आधी आपसात ठरवा, ऑपरेशन उगाच केलं की आजार जुना होता.

इतकी वर्षं प्रीमियम घेताना एकदाही कुणी असले प्रश्न विचारले नाहीत. चांगली कंपनी म्हणून बहिणीलाही तुमचीच पॉलिसी घ्यायला लावली, आता तिला काय तोंड दाखवू.

"कॅन्सर नाही म्हणून ऑपरेशन नको होतं" हे सही-शिक्क्यानिशी लेखी द्या, फोनवर नको. ग्राहक न्यायालयात पहिला कागद तोच लावणार आहे. आणि फाइल बंद करायची घाई करू नका, शिरेतलं पेनिसिलिन संपलं तरी गोळ्या ६ ते १२ महिने चालतात यात, ती बिलंही तुमच्याकडेच येणार आहेत.

पॉलिसीधारक (अजून तरी)