ऑपरेशनची तारीख आधी, एमआरआय नंतर?

मा. संपादक,

आमच्या अण्णांना आठ महिने संडासवाटे रक्त जात होतं, आणि आपल्याकडे रक्त म्हटलं की मूळव्याध, तसं चूर्ण, मलम सगळं झालं. शेवटी एका डॉक्टरांनी बोट घालून तपासलं, दुर्बीण केली, तर गुदाशयात गाठ. कॅन्सर. लगेच सीटी स्कॅन, आणि तिथल्या सर्जननी सांगितलं की गाठ खाली आहे, संडाससाठी कायमची पोटावर बॅग लागेल, सोमवारी अॅडमिट व्हा. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत.

पुतण्याच्या हट्टापायी मुंबईला दुसरं ओपिनियन घेतलं, तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "एमआरआय कुठाय?" म्हणजे सीटीत लिव्हर, फुप्फुस कळतं, पण गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेलीय, संडास रोखून धरणाऱ्या स्नायूपासून किती लांब आहे, हे नीट एमआरआयतच दिसतं. दुर्बीण वाकते त्यामुळे तिचं माप पण चुकू शकतं. एमआरआयत गाठ गुदद्वारापासून ७ सेंटीमीटरवर निघाली, स्नायू मोकळा! पण रेडिओलॉजिस्टनी पेनाने स्क्रीनवर एक बारीक काळी रेघ दाखवली, गुदाशयाभोवतीच्या चरबीवरचं पातळ आवरण ते, आणि गाठ त्याला जवळजवळ टेकलेली, १ मिलीमीटर पण अंतर नाही. सोमवारी कापलं असतं तर मागे कॅन्सर राहायची भीती होती. म्हणून आधी पाच आठवडे रेडिएशनचे २५ शेक, सोबत गोळ्या, मग थांबून परत एमआरआय, गाठ रेघेपासून मागे सरकलेली, तेव्हा कुठे ऑपरेशन. बॅग लागली पण तात्पुरती, ती पण आता काढली.

हे काही कालचं शास्त्र नाही हो, युरोपातल्या मर्क्युरी स्टडीने २००६ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवून दिलं होतं की ऑपरेशनमध्ये कापलेली कड कॅन्सरपासून मोकळी निघेल का ते एमआरआयवरून आधीच सांगता येतं. मग आम्हाला पहिल्या ठिकाणी कुणी बोललं का नाही? मशीन तर त्याच रस्त्यावर होतं, रोज कंबरदुखीवाल्यांची रांग असते तिथे.

आणि एक, नुसता 'पोटाचा एमआरआय' करून आणू नका, गुदाशयाच्या गाठीसाठीचे बारीक कट वेगळे घ्यावे लागतात, नाहीतर पैसे दोनदा जातात (आमचे गेले). आपल्या आरोग्य पुरवणीत यावर एखाद्या रेडिओलॉजिस्टकडून लिहून घ्याल का, चित्रासकट, ती काळी रेघ दाखवून?

– एक वाचक, मिरज