नाना, तो आता रोज जेवतो

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही गच्चीवरचं ठिबक दुरुस्त केलंत, त्याचे पैसे घेतलेत आणि निघालात. खरं काम तुम्ही खाली हॉलमध्ये केलं होतं, ते बिलात कुठेच नव्हतं. मी दारात नुसती उभी राहिले. बोलले असते तर रडू आलं असतं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आपल्या चोपडा गावात असा माणूस आहे, हे लोकांना कळू दे.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. आमच्या काचेच्या टाकीतला फिकट गुलाबी जीव म्हणजे मासा नाही. तो ॲक्सोलॉटल. मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या तळ्यातला, सॅलॅमँडरच्या कुळातला. बेडकाचं पिल्लू मोठं झालं की पाणी सोडतं. हा जन्मभर पाण्यातच राहतो, आणि डोक्यामागची पिसांसारखी कल्ल्यांची झालर शेवटपर्यंत तशीच असते. तुटलेला पायसुद्धा याला पुन्हा फुटतो. माझ्या मुलीने तो पुण्याला शिकताना आणला. नोकरीला बंगळुरूला जाताना माझ्या हवाली केला. "आई, याला थंडावा आणि शांतता, दोनच गोष्टी लागतात," एवढं सांगून गेली. त्याचं नाव गुलाब.

थंडाव्यात मी कसर ठेवली नाही. बाहेर पारा ४४ वर असताना खोलीत एसी, टाकीवर पंखा, फ्रीजरमध्ये गोठवलेल्या बाटल्या पाळीपाळीने. पाणी १९ अंशांच्या वर जाऊ दिलं नाही. शांतता म्हणजे काय, ते मात्र मला कळलं नव्हतं. मला वाटलं, आवाज नको.

जुना फिल्टर जळाला आणि नवीन आणला. दुकानदार म्हणाला, "ताई, उन्हाळ्यात मोठाच घ्या. जितका जोर, तितकं पाणी स्वच्छ." आठवडाभरात गुलाबने जेवण टाकलं. कल्ले मागे पसरायचे ते तोंडाकडे वळले. शेपटीचं टोक आकड्यासारखं वाकलं. दिवसभर कोपऱ्यात तोंड खुपसून बसायचा. परत त्याच दुकानात गेले, तर त्याने न बघताच बुरशी ठरवली आणि निळ्या औषधाची बाटली हातात दिली. दुसरा म्हणाला, आपल्याकडच्या उन्हात हे जगतच नाहीत, खर्च करू नका. पाणी १९ अंशांवर आहे, हे मी दोनदा सांगितलं. त्याने ऐकलं नाही. जनावरांच्या एका दवाखान्यात फोटो दाखवला, तो तिथल्या मंडळींनी एकमेकांना दाखवून हसून घेतलं. माहीत नसणं मी समजू शकते. गाई-म्हशी बघणाऱ्याला हा प्राणी कुठून माहीत असणार? पण "चला, टाकी बघू" असं एकानेही म्हणू नये? माझा राग त्याचा आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

एका रात्री मी फिल्टरच बंद करून ठेवला. सकाळी पाणी गढूळ आणि वास येणारं. मुलगी फोनवर घाबरून गेली. फिल्टरच्या स्पंजात जिवाणू असतात, तेच घाणीतला अमोनिया संपवतात. पाणी थांबलं की ते गुदमरतात. म्हणजे चालू ठेवावा तर जोर, बंद करावा तर विष. सोळा दिवस त्याच्या पोटात काही नव्हतं.

आणि तुम्ही आलात, पेरूच्या कुंडीचं ठिबक गळतंय म्हणून.

गच्चीकडे जाताना टाकीपाशी थांबलात. पिशवी खाली ठेवून उकिडवे बसलात आणि बराच वेळ काही बोललाच नाहीत. मग म्हणालात, "ताई, हाऊ जीव पानीमा नही, वावधनमा बठेल शे." म्हणजे, हा जीव पाण्यात नाही, वादळात बसलाय. त्यानंतर तुम्ही जे केलंत ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही हात धुवायला पाणी मागितलंत. मी साबण पुढे केला तर म्हणालात, "साबण नको, त्याला बाधेल. सकाळी खताची टाकी धुतलीय, नुसतं पाणीच भरपूर द्या." कोपरापर्यंत हात चोळून चोळून धुतलेत, तीन बादल्या झाल्या. मग हात टाकीत घातलात आणि फिल्टरच्या तोंडासमोर तळहात आडवा धरलात. बस, एवढंच. त्या गार पाण्यात हात तसाच धरून बसलात. मी म्हटलं, नाना, हात बधिर होईल. तुम्ही मान हलवलीत. वीसेक मिनिटं गेली असतील. गुलाबचे कल्ले हळूहळू मागे वळायला लागले. एक, मग दुसरा. शेपटीचा आकडा सुटला. तो कोपऱ्यातून बाहेर आला आणि तुमच्या मनगटाच्या आडोशाला येऊन टेकला.

सोळा दिवसांत त्याच्यासाठी कोणी हात ओला केला नव्हता नाना.

पुढचं तुमच्यासाठी सोपं होतं. फिल्टरवरचा आकडा वाचून तुम्ही मला विचारलंत, "केळीच्या खोडाला ताशी ४ लिटरचा ड्रिपर पुरतो, आणि या वीतभर जिवाला ताशी १००० लिटर?" माझी टाकी शंभर लिटरची. म्हणजे तासाला दहा वेळा सगळं पाणी त्याच्या अंगावरून जात होतं. पिशवीतला लॅटरलचा, म्हणजे ठिबकाच्या नळीचा, कोरा तुकडा काढलात, पंचने ओळीने भोकं पाडलीत, टोकाला एंड कॅप लावून तो फिल्टरच्या तोंडाला जोडलात आणि भोकं मागच्या काचेकडे फिरवलीत. पाणी तेवढंच, जोर वाटला गेला. "बागेला शेवरी लावतो ना वारा अडवायला, तशी याची काच," म्हणालात. ज्याने वादळात आडवी झालेली केळी पाहिली आहे, त्यालाच हे सुचणार. ठिबकाची दुकानं खूप आहेत. पाण्याचा जोर कुणाच्या अंगावर पडतो हे बघणारी नजर विकत मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला तुमचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही, थेट "जेवना का तो?" तेव्हा मला नाही म्हणावं लागलं. तुम्ही "जेवेल" म्हणून फोन ठेवलात. चौथ्या दिवशी त्याने चिमट्यातलं गांडूळ ओढून घेतलं. मी आधी मुलीला फोन केला, मग तुम्हाला. तुमचा फोन लागला नाही, शेतात असाल. म्हणून इथे लिहिते: तो जेवला नाना. आता रोज जेवतो.

बाजाराच्या दिवशी गावात आलात की घरी चहाला या. त्याची जेवायची वेळ संध्याकाळी सहाची आहे, तेव्हाच या. यावेळी गांडूळ तुम्ही द्या.

तुमची,
पेरूच्या कुंडीवाली ताई