पाणी पोटात जातंय का ह्येचं?

मामा, नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर वाचत नाही, ठाऊक आहे मला. गाळ्यातल्या पोराला सांगा, तो मोठ्यानं वाचून दाखवील. लेथ बंद करून मात्र, नाहीतर अर्धं पत्र आवाजात जायचं.

ओळख पटावी म्हणून सांगते. मागच्या महिन्यात स्टीलच्या डब्यात, रुमालात गुंडाळून पितळेचा तुकडा घेऊन आलेली बाई, ती मी. तुम्ही तो तुकडा हातात घेतलात, चष्मा कपाळावर चढवलात आणि म्हणालात, "फवारणी पंपाचा हाय व्हय?" मी म्हटलं, "नाही मामा, कॉफीच्या मशीनचा." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, तुकड्याकडे बघितलंत, आणि हसला नाहीत. तिथंच निम्मं काम झालं होतं.

कोल्हापुरात कॉफीसाठी जीव टाकणाऱ्या बाईला काय काय ऐकून घ्यावं लागतं, त्याचं वेगळं पत्र होईल. इथं सकाळी दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणारी माणसं, नाहीतर मग चहा. त्यात मी एक जुनं इटालियन मशीन वापरलेलं विकत घेतलेलं. मोटर नाही, पंप नाही. लिटरभरही पाणी न मावणारा पितळेचा बॉयलर, वर एक लांब दांडा. बॉयलरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा 0.8 बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास जास्त दाब धरला की आतलं पाणी 117 अंशांवर जातं. दांडा वर उचलला की पाणी पिस्टनच्या, म्हणजे आत वरखाली सरकणाऱ्या दट्ट्याच्या खाली, कॉफीच्या थरावर येतं, तोवर बरंच निवतं. मग दांडा खाली दाबायचा. तो दाब माझ्या खांद्याचा. एस्प्रेसोला, म्हणजे दाबानं उतरवलेल्या दाट कॉफीला, 9 बार लागतात. पिस्टनचा व्यास 49 मिलिमीटर. हिशेब केला तर त्या एवढ्याशा चकतीवर पावणेदोनशे किलोचा भार येतो. दांड्याची लांबी कामी येते म्हणून बरं, नाहीतर सकाळी उठून पैलवान बोलवावा लागला असता. तसे ते इथं मिळतात म्हणा.

दुसऱ्या महायुद्धाआधीची मशीनं नुसत्या वाफेच्या दाबावर चालायची, जेमतेम दीडएक बार. 1948 मध्ये मिलानच्या गाज्जियानं दांड्याचं मशीन बाजारात आणलं, आणि कपावर तो सोनेरी तपकिरी फेस पहिल्यांदा दिसायला लागला. लोकांना आधी तो मळच वाटला होता म्हणे. असो. सांगायचा मुद्दा, या सगळ्या कारभाराचा जीव त्या पिस्टनमध्ये, आणि पिस्टनचा जीव, दांडी जिथं फिरवून बसते त्या भोकातल्या पाच-सहा आट्यांमध्ये. ते आटे गेले की 117 अंशांचं पाणी आणि उसळलेला दांडा, दोन्ही तोंडासमोर.

आटे माझेच गेले होते, वापरून वापरून. त्याचा दोष कुणाला देत नाही. पुढचं मात्र सांगणार.

मी मशीन मोठ्या शहरातल्या एका दुरुस्ती केंद्राकडे कुरिअरनं पाठवलं. नाव घेत नाही. फोनवर पहिला प्रश्न आला, "सर आहेत का घरात? त्यांच्याशी बोललं असतं तर टेक्निकल समजावून सांगितलं असतं." सर घरात होते, आणि त्यांना बॉयलर आणि गीझरमधला फरक मीच शिकवला आहे. तेवीस दिवसांनी मशीन परत आलं. बिलावर लिहिलेलं, "पिस्टन रिपेअर्ड". बाहेरून चकचकीत पुसलेलं, क्रोमवर पक्कडीचे दोन ओरखडे भेट म्हणून. चौथ्या दिवशी दांडा दाबताना आत काहीतरी कट्‌कन झालं. खोलून बघते तर पिस्टनच्या भोकात राखाडी लांबी, भेगा बुजवायचा तो लगदा, भरलेली. एपॉक्सी. त्यातच आटे पाडून दांडी फिरवून बसवलेली.

मी चार दिवस ती लांबी कॉफीतून प्यायले होते, मामा.

फोन केला तर म्हणाले, "मॅडम, पार्ट बंद झालाय, तुम्ही नवीन मशीन घ्या ना." नवीन मशीनची किंमतही लगेच सांगितली. ती मात्र तोंडपाठ होती.

दुसऱ्या एकानं फोटो पाहूनच सांगितलं, होणार नाही. तिसऱ्यानं विचारलं, एवढ्याशा कपासाठी एवढा खटाटोप कशाला. घरच्यांनी इन्स्टंटची बाटली पुढे केली. शेवटी ऑफिसातला शिपाई म्हणाला, "मॅडम, उद्यमनगरात जावा की. तिथं ऑइल इंजिनाचं काय बी करून देत्यात, हे तर बारकं हाय."

आणि मी तुमच्या गाळ्यात आले. दारात गुऱ्हाळाच्या चरकाचा एक मोठा गिअर पडलेला, आत कूलंटचा तो वास, भिंतीवर जोतिबाचा फोटो आणि खाली माप लिहून लिहून काळी झालेली पाटी. तुम्ही व्हर्नियर लावलात, तीन ठिकाणी माप घेतलंत, खडूनं पाटीवर लिहिलंत. मग रॅकमधून पितळेची सळी ओढलीत. चकात धरणार, तेवढ्यात थांबलात.

"ताई, पाणी पोटात जातंय का ह्येचं?"

मी म्हटलं, "हो, यातूनच कॉफी उतरते."

"आंबट असती का कॉफी?"

मी म्हटलं, थोडी असते. चांगली असली तर जास्तच.

तुम्ही सळी परत रॅकमध्ये ठेवलीत. "मग ही नगं. ह्या पितळंत शिसं असतंय. लेथवर लोण्यागत कापतंय, पर पोटाला न्हाई. आन् आंबट म्हंजे कळकंल की." आणि बाकड्याखालून 316 नंबरच्या, न गंजणाऱ्या स्टीलचा एक तुकडा शोधून काढलात. त्यावरची धूळ बाहीला पुसलीत.

एवढंच. तुम्हाला ते आठवतही नसेल. मी मात्र तिथं स्टुलावर बसून डोळे पुसले, आणि तुम्हाला वाटलं लोखंडाचा कीस गेला डोळ्यात.

कळकणं हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला! आमच्या लहानपणी दारात कल्हईवाला यायचा. भाता, नवसागराचा धूर, कथलाचा तुकडा पातेल्यात फिरवून कापसानं एकदाच असा हात मारायचा की काळं भांडं चांदीसारखं व्हायचं. आजी त्याला ताकाचं पातेलं वेगळं काढून द्यायची आणि बजावायची, यात आंबट असतं बाबा, हयगय नको. कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तुम्हालाही कुणी शिकवलं नसणार. पण माप घेऊन झाल्यावर, वस्तू शेवटी कुणाच्या तोंडाला लागणार, एवढा एक जास्तीचा प्रश्न तुम्हाला पडला. एसीत बसलेल्या, टायवाल्या, तीन पानी बिल देणाऱ्यांना तो पडला नाही. त्यांनी लांबी भरली.

खरं सांगायचं तर इटलीहून आलेला मूळचा पिस्टनही पितळेचाच होता, आणि बॉयलर आजही पितळेचाच आहे. तेव्हा तुमच्या स्टीलनं माझं आयुष्य किती वाढलं ते अंबाबाईला ठाऊक. एखादा शहाणा हे वाचून मला तसं कळवीलच. कळवू दे.

कारण पितळ वापरलं असतंत तर तुमचं काम अर्ध्या तासात उरकलं असतं. स्टीलनं दुपार खाल्ली. "हे लई रुसतंय," तुम्ही म्हणत होतात, "हात थांबला की जागच्या जागी कडक हुतंय." दोनदा टूल घासून आणलंत. रबरी सीलसाठी खाच पाडलीत आणि मग जे केलंत ते मी घरी येऊन सगळ्यांना दाखवलं. कॉटन वेस्टचा एक पुंजका घेतलात, खाचेच्या कडेवरून हलकेच फिरवलात. एक धागा अडकला. मला तर कड आरशासारखी दिसत होती. तुम्ही पुन्हा जॉब चकात धरलात, पुन्हा बर, म्हणजे कडेला राहिलेली बारीक धार, काढलीत, पुन्हा पुंजका फिरवलात. धागा सुटून आला तेव्हाच जॉब माझ्या हातात दिलात. "रबर कापलं असतं," म्हणालात. वर हेही सांगितलंत, की दांडीही स्टीलची, स्टीलला स्टील चावतं, आट्यांना ग्रीस लावूनच फिरवा, "पर खायचं ग्रीस असतंय म्हणं, ते बघा." मी बघितलं, मिळालं.

साडेपाचशे रुपये घेतलेत. मी जास्त देऊ केले तर रागावलात, म्हणून तो विषय इथंच सोडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिकमगळूरच्या बिया दळल्या, चौदा ग्रॅम. दांडा उचलला, दहा सेकंद थांबले, मग दाबला. कुठं कट्‌ नाही, करकर नाही. उसाच्या काकवीसारखी दाट धार उतरली आणि वर तो फेस. पहिला घोट घेताना मी उगीचच एपॉक्सीचा वास शोधत होते.

तुमच्यासाठी थर्मासमधून आणली होती, ती तुम्ही एक घोट घेऊन पोराकडे सरकवलीत. पोरानं आणखी एक घोट घेऊन झाडाला घातली. ते माझ्या लक्षात आलं आहे. चूक माझी, एस्प्रेसो थर्मासमध्ये नेत नाहीत.

जुना पिस्टन तुम्ही नमुना म्हणून ठेवून घेतलात, ड्रॉवरमध्ये. राहू दे तिथंच. मी गुरुवारी येते आहे. वाफेच्या नळाची दांडी गळायला लागली आहे, टोकाला झिजली असावी. त्या स्टीलचा वीतभर तुकडा बाजूला काढून ठेवा. आणि हो, पाणी पोटात जातं.